चार वाजताची सहल

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, पण लिफ्टकाका आहेत. दुसऱ्या मजल्यावर, आमच्या अगदी समोरच्या दारात राहतात. छत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळातल्या सहा लिफ्ट सांभाळल्या आणि रोज संध्याकाळी घरी येताना चव्वेचाळीस पायऱ्या चढल्या. कुणी थट्टा केली की म्हणायचे, दिवसभर लोकांना वरखाली केलं, आता माझं मला चढू दे.

काकूही त्याच इस्पितळात होत्या. तळघरात चादरी, अभ्रे, रुग्णांचे कपडे असा सगळा साठा असायचा, त्या खोलीच्या त्या मुख्य. एकदा धुऊन आलेल्या चादरींची ढकलगाडी घेऊन वर जाताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच बंद पडली. तासाभरानं वरून झडप उघडून ज्यानं हात दिला, त्याच्याशीच पुढं त्यांचं लग्न झालं. काकू हे सांगताना शेवटी हमखास म्हणायच्या, "एका तासाच्या अडकण्यातून सोडवलं आणि जन्माची अडकवली." काका तेवढ्यात कानाला काहीतरी झाल्यासारखं करायचे.

हे सगळं मी सांगते आहे ते कशासाठी, तर ही दोघं आयुष्यात कुठं फिरायला गेली नाहीत, हे कळावं म्हणून. रजा मिळायची, पण गाव सोडता यायचं नाही. सहा लिफ्ट आणि त्यांचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच. लग्नानंतर तीन दिवस कुठंतरी डोंगरात जायचं ठरलं होतं. स्टेशनावर गाडी लागलेली, काकू खिडकीशी बसलेल्या, आणि इस्पितळाचा शिपाई फलाटावरून धावत आला. शस्त्रक्रियेला नेत असलेला रुग्ण लिफ्टमध्ये अडकला होता. काका उतरले, मागोमाग काकूही उतरल्या. त्यानंतर काकांनी कधी बेत केला नाही आणि काकूंनी विचारलं नाही.

मग टीव्हीवर एक प्रवासाची मालिका सुरू झाली. दर शनिवारी दुपारी चार वाजता एक टोपी घातलेली बाई कुठल्याशा देशातून बोलायची. तिचं खरं नाव या घरात कधी कुणी घेतलं नाही, ती टोपीवाली. काकांना शनिवारी दुपारची सुट्टी असे, निदान फोन वाजेपर्यंत तरी. पहिले दोन-तीन आठवडे दोघांनी साधंसुधं बसून पाहिलं. मग एके दिवशी काकू गमतीनं बूट घालून सोफ्यावर बसल्या. पुढच्या शनिवारी काकांनी माळ्यावरून निळी बॅग काढली. आणि बघता बघता त्याचा एक रिवाजच होऊन बसला.

मला तो कसा कळला, तेही ऐका. मी तेव्हा नवीन राहायला आलेली. एका शनिवारी पावणेचारला त्यांचं दार अर्धवट उघडं, काकू बॅगेत स्वेटर घालताहेत, काका थर्मासात चहा ओततायत. मी शेजारधर्म म्हणून विचारलं, कुठं निघालात?

"बेटावर," काका म्हणाले.

"कधी परत?"

"पाचला."

मी आपली हसून दारातच उभी राहिले, तर काकूंनी मला आत ओढलं आणि सगळे नियम सांगितले. बॅग खरी भरायची, उगाच रिकामी नाही. बर्फाचा देश असेल तर स्वेटर, समुद्र असेल तर टॉवेल. सोफ्यावर बसलं की ती गाडी. तासभर घरातला कुठलाही विषय काढायचा नाही. दूध, इस्त्री, लेकीची परीक्षा, सगळं बंद. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परत येणं. भाग संपला की टीव्ही बंद करून, बॅग उचलून, दाराला कुलूप लावून दोघं खाली उतरायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन वळायची आणि चव्वेचाळीस पायऱ्या चढून वर यायची. काका कुलूप उघडायचे. काकू आत पाऊल टाकून "हुश्श, आलो बाई घरी" म्हणायच्या, बूट काढायच्या, आणि बॅग रिकामी केल्याशिवाय चहाला आधण ठेवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, परत येण्याचं एवढं कशाला करता, पडदा तर बंद झाला. काकू म्हणाल्या, "अगं, घरी आल्याशिवाय सहल पुरी होते का?"

रविवारी कधी सुट्टीवरचे सिनेमे लागायचे, ते मात्र ही दोघं बाहेरची माणसं म्हणून बघत. सिनेमात कुटुंब समुद्रावर जायचं, दोन दिवस भांडायचं, तिसऱ्या दिवशी सूर्यास्त बघून एकमेकांच्या गळ्यात पडायचं. काकूंचं लक्ष दुसरीकडेच. एवढे पांढरे कपडे दिवसातून तीनदा बदलतात, धुतं कोण? हॉटेलातली खोली दाखवली की पलंगाकडे बोट करून त्या सांगायच्या, ही चादर साठेक धुण्यांची आहे, ती कोरी आहे, शूटिंगसाठी आणलेली. काकांची तक्रार अशी की सिनेमात लिफ्ट कधी बंद पडत नाही, आणि पडलीच तर आत तरणाताठा नायक आणि नायिकाच सापडतात. काकू म्हणायच्या, "आणि तुम्हाला काय सापडलं होतं हो?" काका चष्मा पुसायला घ्यायचे.

काका निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली. मला वाटलं, आता ही दोघं खरोखर जातील. काकांनी माहितीपत्रकंही आणली होती. पण तोपर्यंत काकू थर्मास कपड्यांच्या कपाटात ठेवायला लागल्या होत्या. अभ्रे मोजताना आकडा हरवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात व्हायची. मग तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हा उतार आहे, चढ नाही. जे ओळखीचं आहे ते डोळ्यांसमोर असू द्या, जिवाला शांत वाटेल.

काकांनी ती सगळी मालिका केव्हाच डिस्कवर भरून ठेवली होती. त्यांनी ती लावली. टोपीवाली दिसली की काकूंच्या हातांची चुळबुळ थांबायची, चेहरा मोकळा व्हायचा. तेवढ्या वेळात काका स्वयंपाक उरकायचे, कपडे वाळत घालायचे, औषधं आणायचे. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा, दुसऱ्यानंतर तिसरा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. वर्षभर हे असं चाललं, आणि खरं सांगते, आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

मग एका सकाळी मी गरम पोळी घेऊन गेले, तर काकू पलंगावर बसून चादर बोटांच्या चिमटीत धरून बघत होत्या. मला म्हणाल्या, "हॉटेल स्वच्छ आहे. पण चादरी फार धुतलेल्या आहेत, आता बदला म्हणावं." मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "आमची परतीची गाडी कधी आहे?"

त्या दिवसापासून काकू प्रवासात आहेत. बॅग भरतात, बूट घालतात, सोफ्याच्या काठावर बसतात. रागावत नाहीत, आदळआपट नाही. परक्या जागी पाहुणा माणूस जसा बेतानं वागतो, तसं वागतात. स्वतःच्याच स्वयंपाकघरात जायला "येऊ का?" म्हणून विचारतात. आणि दर तासा-दोन तासांनी एकच गोष्ट मागतात, आता घरी नेऊन सोडा.

काकांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं ते मी विसरणार नाही. यंत्र का बिघडलं हे शोधून काढल्यावर कारागीर जसा बोलतो, तसे बोलत होते. म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. एक भाग झाला की घरी यायचं, हा आमचा नियम. मी तिला वर्षभर फिरवत ठेवलं आणि एकदाही परत आणलं नाही." मी म्हटलं, काका, आजार असा टीव्हीनं होत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय ना. त्यांनी मान डोलावली, पण ती माझ्यासाठी. आयुष्यभर ज्या माणसाला प्रत्येक बिघाडाची जागा सापडत आली, त्याला जागाच नसलेला बिघाड पटायचा कसा?

मग त्यांनी दुरुस्ती सुरू केली. टीव्ही बंद. बॅग भरून, काकूंना बूट घालून, कुलूप लावून, कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणलं. पहिल्या दिवशी उंबऱ्यावर काकू "हुश्श" म्हणाल्या. काकांनी मला हाक मारून बोलावलं, आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. काकूंनी मला माझ्या मुलांबद्दल विचारलं, अगदी नाव घेऊन. दिवे लागेपर्यंत त्या घरी होत्या. दुसऱ्या दिवशी तासभर राहिल्या. आठवड्यानं पाच मिनिटं. काका दिवसातून चार-चार वेळा त्यांना घेऊन जिना उतरू-चढू लागले, काकूंचे गुडघे सुजले, आणि एका दुपारी दार उघडल्यावर काकू आत पाऊलच टाकेनात. "पुन्हा हेच हॉटेल? दुसरं नाही का मिळालं?" असं म्हणाल्या, तेही काकांना वाईट वाटू नये अशा बेतानं.

काका तरी थांबले नाहीत. वीस वर्षांपूर्वीचे पडदे शोधून लावले. भिंतीला पूर्वीचा आकाशी रंग दिला. सोफा पूर्वी जिथं होता तिथं सरकवला. काकूंनी सगळ्याचं कौतुक केलं. म्हणाल्या, मालकांनी खोली छान ठेवली आहे.

लेक दुसऱ्या गावी असते. ती आठवडाभर येऊन राहिली, आईचे केस विंचरले, रात्री शेजारी झोपली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं वडिलांना माझ्यासमोरच सांगितलं. बाबा, तिला हॉटेल वाटतंय ना, तर म्हणा हॉटेल. आज मुक्काम करू, उद्या निघू, एवढंच म्हणा. डॉक्टरही हेच सांगतात. तुम्ही घर, घर म्हणता, तेव्हा ती घाबरते. तिला वाटतं हा माणूस आपल्याला फसवतोय.

काका बराच वेळ पडद्याच्या कडा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "बाकी काय सांगशील ते खोटं बोलेन. पण एकदा मीच या घराला हॉटेल म्हटलं, तर हे तुझं घर आहे असं तिला सांगणारं कोण उरलं?"

 

पण माझं मी कबूल करते. काका औषधांना गेले की मी काकूंजवळ बसायची, आणि त्यांनी गाडीची वेळ विचारली की मी सरळ सांगायची, उद्या सकाळी आहे. त्यांचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा. एकदा काका मागूनच आले आणि त्यांनी ते ऐकलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक करून म्हणाले, तुमचं चुकलं नाही ताई, फक्त माझ्यासमोर नका म्हणू.

ही गेल्या महिन्यातली गोष्ट. काका औषधं आणायला गेले होते आणि मी काकूंपाशी होते. त्यांनी बॅग भरून ठेवली होती. वर दिसत होतं त्यात तीन अभ्रे, एकच मोजा आणि काकांचा एक पाना. त्या दिवशी त्या फार दमलेल्या होत्या, डोळे ओढलेले. मला वाटलं, आपण नेहमी गाडीबद्दलच बोलतो, घराबद्दल एकदा तरी विचारावं. अशा आजारात माणसं लहानपणीचं घर मागतात असं मी वाचलं होतं. म्हणजे त्या आईवडिलांच्या घराचं काही सांगतील, बालपणीचं बोलतील, तेवढाच विरंगुळा. म्हणून मी म्हटलं, काकू, तुमचं घर कसं आहे हो?

काकूंचा चेहरा एकदम उजळला. कुणी इतके दिवस विचारलंच नव्हतं.

"दुसऱ्या मजल्यावर आहे," त्या म्हणाल्या. "चव्वेचाळीस पायऱ्या, मी मोजल्यात. बाल्कनीचं दार खालून फुगलंय, पायानं ढकलावं लागतं. मोरीचा नळ गळायचा, तर ह्यांनी त्याला लिफ्टमधलं काहीतरी काढून बसवलं. आता थेंब नाही पडत." त्या थोडं थांबल्या. माझा हात त्यांनी हातात घेतला. "समोर एक बाई राहते. चौकशा जरा जास्त करते, पण मनानं चांगली. तिला न सांगताच आले मी. काळजी करत असेल बिचारी."

मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते आणि त्या माझ्या. दोन वितींवर बाल्कनीचं ते दार होतं, खालून फुगलेलं. मला उठून त्यांना दाखवावंसं वाटलं, हे बघा काकू, हेच ते दार, आणि ती बाई मीच. मी म्हटलंही तसं. काकू समजूतदारपणे हसल्या. म्हणाल्या, "सगळीकडे असतात गं अशी दारं."

मान वर केली तर काका खोलीच्या दारात उभे, हातात औषधांची पिशवी. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, वाकून काकूंच्या बुटांचे बंद बांधले आणि म्हणाले, चल, जाऊ आपण घरी. मला म्हणाले, ताई, तुम्हीही चला. मी ओढणी सारखी केली आणि बॅग उचलली. कुठं, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

कोपऱ्यावरून ते वळले नाहीत. पुढं बसथांब्यापर्यंत गेलो. काका थांब्याच्या बाकावर काकूंना बसवून शेजारी बसले. मला वाटतं त्यांचा काही बेत नव्हता. इतके दिवस नेऊन परत आणलं होतं. आज त्यांना नुसतं नेऊन बघायचं होतं. किंवा काकूंना घर दिसतंय आणि आपल्याला दाखवता येत नाही, तर तीच वाट सांगेल, असं काहीतरी.

पहिली बस आली. काका अर्धवट उठले आणि काकूंकडे बघायला लागले. काकूंनी पाटी वाचली, मान हलवली. ही आपली नाही. दुसरी आली, तीही नाही. शाळेतून सुटलेली मुलं, भाजीच्या पिशव्या, कामावरून परतणारी माणसं, सगळी चढत-उतरत होती. प्रत्येक बसला काका उठायचे, काकू नीट वाचायच्या आणि नाही म्हणायच्या. सातव्या की आठव्या बसचा कंडक्टर दांडीला धरून ओरडला, आजोबा, यायचंय का, की नुसतं बघायचंय? काका त्याला म्हणाले, "विचारतोय."

ऊन उतरलं. दुकानांचे दिवे लागले. वारा सुटला तशा काकू आखडून बसल्या. काकांनी आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला आणि त्यांचे हात चोळायला लागले. त्या थंडीनं थरथरत होत्या. घर शंभर पावलांवर होतं. काका म्हणाले, चल, घरी जाऊ. काकू म्हणाल्या, हो, चला ना, कधीपासून म्हणते आहे. आणि बाकावरून हलल्या नाहीत. रस्त्याकडे, बस जिकडून येते तिकडे बघत राहिल्या. काकांनी पुन्हा सांगितलं, अगं इथंच आहे आपलं घर, त्या झाडापलीकडे. काकूंच्या चेहऱ्यावर भीती आली. त्यांनी हात काढून घेतला आणि माझ्या बाजूला सरकल्या.

समोरून आणखी एक बस निघून गेली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली, कारण पुढं काय येणार ते मला कळलं होतं.

"आजची गाडी गेली वाटतं," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "इथं जवळ एक हॉटेल आहे. रात्र तिथं काढू या का?"

काकूंनी विचार केला. "बरं आहे का?"

"बरं आहे."

"एकच रात्र हं."

"एकच," काका म्हणाले.

काकू लगेच उठल्या. काकांच्या दंडाला धरून त्या इतक्या निर्धास्त चालत होत्या, की मागून बघणाऱ्याला वाटावं, ही दोघं कुठून तरी मजा करून परतताहेत. काका मात्र प्रत्येक पाऊल बघून टाकत होते. आमच्या फाटकाशी ते क्षणभर थांबले, जसा नव्या जागी माणूस थांबतो. मग जिना. काकू मोजत नव्हत्या.

पहिल्या मजल्यावर दम घ्यायला टेकल्या तेव्हा काकूंचं माझ्याकडे, माझ्या हातातल्या बॅगेकडे लक्ष गेलं. "तुम्ही इथंच कामाला आहात का?" त्यांनी विचारलं.

मी काकांकडे बघितलं. ते कठड्यावरच्या आपल्या हाताकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

"मग सकाळी आम्हाला जरा लवकर उठवाल? आमची पहिली गाडी आहे."

"उठवीन," मी म्हटलं, आणि आम्ही पुढच्या पायऱ्या चढू लागलो.